मागे राहिलेला भगत

सातपुड्यातल्या नागद्वारच्या यात्रेला जाणं आपण ठरवून होत नाही, तिथून बोलावणं यावं लागतं, असं आमच्याकडे म्हणतात. मला बोलावणं आलं ते कंपनीच्या बसमध्ये, आणि ते आणणाऱ्याच्या गालात त्या वेळी तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

"या खेपेला तू बी चाल गा," बस हिंगण्याकडे वळताना शेजारी बसलेला माझा मित्र म्हणाला. "मामा नेऊन राहिले. नागपंचमीच्या आत वापस येऊ."

"मले जमन का?"

"नाई जमलं त उचलून आणू," तो म्हणाला आणि खिडकीतून पचकन थुंकला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्याआधीचं जवळजवळ सगळं वर्ष माझं क्षयात गेलं होतं. इंजेक्शनं संपली, छातीचा फोटो स्वच्छ आला, डॉक्टर म्हणाले, तू बरा झालास, कामाला लाग. त्यांचं म्हणणं माझ्या कानापर्यंत पोचलं, छातीपर्यंत काही पोचलं नाही. जिना चढताना मी मधेच उगाच थांबायचो. नंदनवनच्या आमच्या दोन खोल्यांत मी साधा घसा खाकरला तरी बायकोच्या हातातलं लाटणं थांबायचं.

कारखान्यात मी भट्टीवर होतो. आजारातून उठल्यावर मला स्टोअरच्या खिडकीत बसवलं, नट-बोल्ट द्यायला. भट्टीवरची माझी जागा फोरमननं तात्पुरती दुसऱ्याला दिली होती. तो वाईट माणूस नव्हता, पण किती दिवस थांबणार? "नागपंचमी झाली की मले एकदाचं सांग," तो म्हणाला होता. "येतो म्हन, नाईतं नाई म्हन. मंग मी त्याले तिथं पक्का करतो." भट्टीची मला भीती वाटत होती आणि त्या खिडकीत जन्म काढायची त्याहून जास्त वाटत होती. तेव्हा मनाशी ठरवलं, डोंगर चढून पाहू. छातीनं साथ दिली तर हो म्हणू, नाही दिली तर नट-बोल्ट आहेतच. बायकोला यातलं काही बोललो नाही. तिला देवाचं कारण पुरेसं होतं. निघताना तिनं एवढंच बजावलं, "पाण्यात भिजू नका." ऐन पावसाळ्यात सातपुड्यात निघालेल्या माणसाला.

आम्ही चौघं होतो. मित्राचे मामा सक्करदऱ्याला राहायचे, मागावर लुगडी विणायचे आणि दर वर्षी कोणाला ना कोणाला नागद्वारला घेऊन जायचे. चौथा आमच्याच बसमधला एक जाडा वायरमन. त्यानं दोन टॉर्च, स्टोव्ह आणि लोणच्याची बरणी असा संसारच बरोबर घेतला होता. पचमढीपर्यंत एसटी, तिथून पुढं पायी. डोंगर, दऱ्या, नाले, कड्याला टेकवलेल्या शिड्या, आणि वरून पाऊस. रात्री जिथं ताडपत्रीचा पाल बांधलेला दिसेल तिथं आडवं व्हायचं.

तिकडचे रिवाज मामांनी एसटीतच सांगून टाकले. डोंगरावर पाय ठेवला की नावं संपली. लहानथोर, ओळखीचा, बिनओळखीचा, जो तो भगत. "भगत, पाय जपून." "भगत, जरा सरक." पुढे चालणाऱ्यानं मधून मधून 'हर बोला' म्हणून हाक द्यायची आणि मागच्यांनी 'हर हर महादेव' म्हणायचं. ते नुसतं देवाचं नाव नव्हतं. धुक्यात हात हाताला दिसत नाही. मागून आवाज आला म्हणजे आपली माणसं येताहेत, एवढं म्होरक्याला कळतं. मामा पुढे, त्यांच्यामागे वायरमन, मग मी आणि सगळ्यात शेवटी मित्र, अशी आमची रांग लागली.

पहिल्या दिवशी त्या तिघांनी मला नव्या सुनेसारखं जपलं. माझी घोंगडी वायरमननं कधी उचलली ते मला कळलंसुद्धा नाही. मित्र मागून माझ्या पिशवीला हाताचा टेकू द्यायचा आणि मी वळून पाहिलं की हात काढून घ्यायचा. मामा दर वळणावर विडी पेटवायला थांबत. त्या पावसात विडी पेटणं शक्य नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला बरं वाटत होतं आणि रागही येत होता. ही माणसं दर वळणाला थांबणार असतील, तर माझी छाती कशी आहे हे मला कळायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मोठा चढ लागला. एक नाला ओलांडून आम्ही वर निघालो आणि थोड्याच वेळात धुकं उतरलं. त्यातच माझं पोट गडबडलं. मित्र सोडायला तयार नव्हता, तेव्हा मी त्याला म्हटलं, "हे एकट्यानं कराचं काम आहे, तू पुढं हो." तो हसला, "पुढच्या वळनावर थांबतो," म्हणाला आणि गेला.

मी झुडपामागून परत वाटेवर आलो, तोवर धुकं इतकं दाट झालं होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. एवढ्यात वरून हाक आली, "हर बोला." मी जीव खाऊन "हर हर महादेव" म्हटलं आणि आवाजाच्या रोखानं निघालो. थोडं चढलो, पुन्हा हाक आली, आणखी वरून. म्हणजे हे थांबले नाहीत. एकच भीती मनात बसली, की मी मागं राहिलो. आता माझ्यापायी त्या तिघांना पुन्हा खाली उतरावं लागणार, आणि मग घरी, बसमध्ये, सगळीकडे तेच होणार: ह्याला नेलं तीच चूक झाली. मी थांबलो नाही. हातात झाडाच्या मुळ्या येवोत की दगड, धरून वर सरकत राहिलो. हाक आली की ओ द्यायची आणि चालायचं, दुसरं काही सुचतच नव्हतं.

चढ संपला तिथं एक पाल बांधलेला होता आणि आत चूल पेटली होती. हाका देणारा माणूस पालाच्या तोंडाशी उभा होता. ते आमचे मामा नव्हते. काटोलकडच्या शेतकऱ्यांचा एक जथा होता तो, आणि मी इतका वेळ त्यांना ओ देत आलो होतो.

"ये भगत, बस," त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला सरळ चुलीपाशी बसवलं. माझी माणसं पुढं निघून गेली, असं मी तिला सांगितलं. "गेले असतीन त थांबतीन," ती म्हणाली. "तू काहून घाबरून राहिला? आंधी जेव." तिनं पळसाच्या पानावर खिचडी वाढली, वर तेल सोडलं, आणि मी कोण, कुठला, हे एका शब्दानं विचारलं नाही. ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही. तिचे उपकार आठवले की आजही वाटतं, तिच्या पाया पडायला हवं होतं.

नागद्वारहून परतणाऱ्यांना मी विचारत बसलो, तीन भगत पाहिले का, एक जाडा आहे? डोंगरावर पाठीला बोचकं बांधलेला प्रत्येक माणूस जाडा दिसतो. शेवटी बाहेर उभा राहून "भगत" म्हणून ओरडलो, तर चारी बाजूंनी "काय गा" आलं. मग मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर रुसलो. वळणावर थांबतो म्हणाला आणि एकदा मागं वळूनही पाहिलं नाही.

बराच वेळ गेला. मग खालून, मी ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, धुक्यातून माझा मित्र वर आला. कमरेपर्यंत चिखल, गुडघा फुटलेला, आवाज पार बसलेला. मागे वायरमन. त्याच्या पाठीवर संसार नव्हता, तो त्यानं कुठं टाकला होता कोण जाणे. सगळ्यात मागे मामा, काठीवर रेलत. मित्रानं मला पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"तू इथीसा काय करून राहिला बे?" तो म्हणाला आणि रडायला लागला.

झालं होतं ते असं. तिघं वळणावर एका कपारीत, वाटेपासून जरा आत, माझी वाट पाहत उभे होते. त्या धुक्यात मी त्यांच्यासमोरूनच वर निघून गेलो होतो, ना त्यांना मी दिसलो, ना मला ते. मग मामांनी हाक दिली, खालून ओ आली. मामा निश्चिंत झाले. मी हळूहळू येतोच आहे, असं त्यांना वाटलं. ओ देणारे लोक वर आले, ते दुसरेच निघाले. मग हे तिघं खाली उतरले. पार नाल्यापर्यंत गेले. झुडपं धुंडाळली, पाण्यात काठ्या घालून पाहिल्या. रिवाज बाजूला ठेवून माझ्या नावानं हाका मारल्या. आणि मग वरून मदतीला माणसं न्यायला नाल्यापासून अख्खा चढ चढून वर आले.

"इतकं खाली शोधलं," मी म्हटलं, "मंग वर काहून नाई पाह्यलं?"

वायरमन जमिनीकडे पाहत राहिला. मित्र बसलेल्या आवाजात म्हणाला, "तू वर असशीन असं मनातच नाई आलं गा."

त्याच्या मनात आलं नाही, मामांच्या आलं नाही. माझ्याही कुठं आलं होतं? मी त्या मोठ्या चढावर सगळ्यांच्या पुढं होतो आणि शेवटपर्यंत स्वतःला मागे राहिलेला समजत होतो.

दर्शन झालं, आम्ही परतलो, आणि सोमवारी फोरमनला मी हो म्हटलं. पुढं कितीतरी वर्षं भट्टीवर काढली. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण मला खात्री दिली ती त्या तिघांनी, आणि ती देतो आहोत हे त्यांना कळलंही नाही. त्या पालात मी मित्राजवळ जाऊन बसलो, त्याचा गुडघा पुसू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मोठमोठ्या श्वासांचा आवाज येतो आहे. माझा नव्हता. माझी छाती शांत होती, आणि माझ्यासाठी ते तिघं धापा टाकत होते.