रिकाम्या मिनीडोरचे पुंडलिककाका

साकवाशी आलो तेव्हा पुंडलिककाकांच्या लक्षात आलं की किल्ली गाडीलाच राहिली.

“मागे फिरू या काय?” मी विचारलं.

“कशाला? शपथ घातलेली गाडी हाय. चोर गावातला असंल तर त्याला बसता येणार नाय.”

एवढं बोलून ते पुढे चालू लागले. कासू स्टेशन बरंच मागे राहिलं होतं आणि आमचं गाव अजून खाडीलगतच्या खारजमिनीच्या पलीकडे, नुसती झाडं दिसत होती. माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. त्यातली जड पिशवी काकांनी स्टेशनवरच घेतली होती. काकांनी पिशवी धरायला हरकत नव्हती. शपथ फक्त गाडीत बसण्यापुरती होती.

मी पेणला पापडाच्या कामाला जाते. संध्याकाळी कासूला उतरलं की बाहेर काकांची मिनीडोर उभी असायची. तीन चाकांची, सहा माणसांची गाडी, पण गणपतीच्या दिवसांत तिच्यात दहा माणसं आणि एक गणपती मावत असे. आता गाडी तिथेच उभी असते आणि आम्ही सगळे तिच्या बाजूने चालत जातो. त्या दिवशी मला पिशव्या घेऊन जाताना बघितलं आणि काका खाली उतरले. म्हणाले, “तुला बसायची बंदी हाय, कबूल. मला चालायची बंदी कोणी घातलेली नाय.” आणि चालू लागले.

हे असं का झालं ते सांगते.

आमच्याकडे गावकी आहे. घरटी एक पुरुष गावदेवीच्या देवळात बसतो आणि गावाचं काय ते ठरवतो. विधानसभेच्या निवडणुकीआधी गावकीने ठरवलं की या वेळी गावाची सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायची. त्याच्या माणसाने देवळाला सभामंडप देऊ असं सांगितलं होतं. मग देवीपुढचा नारळ ताटात ठेवून फिरवला. एकेकाने हात लावला आणि आपल्या घराचा शब्द दिला. बायका बैठकीला नसतात, आमचा शब्द घरचा पुरुषच देतो. ताट पुंडलिककाकांपुढे आलं तेव्हा त्यांनी देवीला हात जोडले आणि ताट पुढे सारलं.

गावकीचे अध्यक्ष हरेशशेठ म्हणाले, “काय रे पुंडलिक, देवीवर विश्वास नाय?”

“देवीवर हाय. देवीनं मला मत विचारलेलं नाय.”

लोक हसले. बायको समजावेल असं म्हणून विषय सोडून दिला.

निकाल लागला. आमच्या केंद्रावरची सगळी मतं ठरल्याप्रमाणे पडली होती, फक्त शिलाई मशीनला दोन होती. शिलाई मशीन ही रोह्याच्या सुशील वकिलांची निशाणी. कुठल्याशा लहान पक्षाचे होते. पक्षाचं नाव पुंडलिककाकांनाही नीट आठवत नाही. वकील आमच्या गावात एकदाच आले, तेही काकांच्या मिनीडोरने. उतरताना भाडं दिलं आणि एक कागद दिला. कागदावर लिहिलं होतं की मी तुम्हाला काहीही देणार नाही, पण तुमचं जे आहे ते कोणाला घेऊ देणार नाही. पारावर तो कागद वाचून लोक पोट धरून हसले. काही देणारच नाही तर याला निवडून करायचं काय? काकांनी कागद घडी करून देवीच्या फोटोमागे ठेवला. फोटो गाडीत पुढे लावलेला आहे.

आमचा उमेदवार निवडून आला. त्याचा माणूस पुढच्या महिन्यात आला. सभामंडपाचं विचारलं तर म्हणाला, तुम्ही सगळी मतं म्हणाला होता, दोन कमी पडली. साहेब नाराज आहेत.

लगेच बैठक बसली. काका उठून म्हणाले, “एक माझं हाय. दुसरं कोणाचं ते मला ठाऊक नाय. साहेबांना सांगा, मंडपाचे दोन पत्रे कमी द्या.”

यावर कोणी हसलं नाही.

त्या दिवशी पुन्हा नारळ फिरला, पुंडलिकच्या गाडीत कोणी बसायचं नाही, जो बसेल त्याला दंड. या वेळी बायकांनाही बोलावलं होतं, कारण त्या गाडीत जास्त बायकाच बसतात. मीही हात लावला. देवीचा नारळ पुढे आल्यावर मला मागे सरता येत नाही, मी तशीच आहे. काकांची बायको भागीकाकी, तिनेही लावला. काका तिला काही बोलले नाहीत. तिला गाडी लागते, ती लग्न झाल्यापासून कधी त्यांच्या गाडीत बसलेली नाही.

हरेशशेठ याला वाळीत टाकणं म्हणत नाहीत. त्याविरुद्ध कायदा आहे, हे त्यांना पक्कं माहीत आहे. ते म्हणतात, “आमी कुठं कोणाला वाळीत टाकलं? लोकांना चालायची आवड लागली. तब्येतीला चांगलं असतंय.”

काकांना एकटं राहायची सवय जुनी आहे. तरुणपणी ते धाटावला एका कारखान्यात शिफ्टला जात. तिथे दोन युनियन होत्या. एका युनियनची माणसं दुसरीच्या माणसांबरोबर चहा घेत नसत. काका दोन्हींत गेले नाहीत, तेव्हा दोन्हींनी त्यांच्याबरोबर चहा सोडला. ते घरून थर्मास नेऊ लागले. कारखाना बंद पडला तेव्हा दोन्ही युनियनच्या पुढाऱ्यांनी भाषणं केली आणि काकांनी मिळालेल्या पैशांची मिनीडोर घेतली. तेव्हापासून त्यांच्यावर कोणी साहेब नाही. हे ते अभिमानाने सांगत नाहीत, पावसात छत्री आहे असं सांगावं तसं सांगतात.

आता त्यांच्या गाडीत फक्त वाडीवरची कातकरी माणसं बसतात. सोमा, त्याची बायको, त्यांचं गणगोत. त्यांना गावकीत कधीच धरलेलं नाही, त्यामुळे त्यांना शपथही नाही. बाजाराच्या दिवशी काकांची गाडी भरून जाते आणि आम्ही, गावकीतली माणसं, उन्हातून बाजूला होऊन वाट देतो. पण आठवड्याला बाजार एकच.

“तुम्ही तक्रार का करत नाही?” मी बांधावर चढता चढता विचारलं. “कायदा आहे ना? पेणला जाऊन पोलिसांत द्यायची.”

“काय देऊ? माझ्या गाडीत लोक बसत नाय म्हणून?”

“हो.”

“अगो, ज्याला बसायचं नाय त्याला बसव म्हणून मी पोलिसाला कसा सांगू? त्याचे पाय, त्याची मर्जी. मीच सगळीकडे सांगत फिरतो, माणसाला त्याच्या मर्जीनं वागू द्या.”

“पण ते मर्जीने नाही चालत. दंडाच्या भीतीने चालतात.”

“हे बरोबर बोललीस. दंड ही जबरदस्ती झाली. त्याची तक्रार करता येईल.”

“मग करा.”

“त्याला आधी कोणाला तरी दंड व्हायला पायजे. कोणी बसतच नाय तर दंड व्हायचा कोणाला?”

माझ्यासमोर एक माणूस आपल्याच तत्त्वात अडकला होता आणि त्याला ते नीट दिसत होतं, त्याची काही घाईही दिसत नव्हती.

खारीत पाणी भरलेलं होतं. कोळंबीची तळी, मध्येच पडलेलं शेत, पलीकडे डोलवीच्या कारखान्याचा धूर. एका ठिकाणी बांध खचला होता आणि त्यावर कोणीतरी मातीच्या गोणी टाकल्या होत्या. काका तिथे थांबले.

“सरकारचं काम विचारशील तर हे हाय. बांध फुटला तर बांधायचा. चोर आला तर धरायचा. बाकी माझ्या टोपात काय शिजतं, मी मत कोणाला देतो, पोरगी कोणाला देतो, तिथं डोकवायचं नाय. सरकारनं नाय, आणि गावकीनं पण नाय.”

“आणि रेशन? तुम्ही घेता की.”

“घेतो. गाडीत डिझेल घालतो त्यावर मी कर भरतो. त्यातलं मूठभर तांदूळ होऊन परत येतंय, ते सोडू काय?”

“आणि अंगणवाडी? ती सरकारने नाही चालवायची तर कोणी चालवायची?”

“त्याचा विचार केलेला नाय अजून,” काका म्हणाले. “तुझं म्हणणं तुझ्याकडे ठेव. मी काय नारळ फिरवत नाय.”

मला त्यांचं सगळं पटत नाही. माझी पोरं अंगणवाडीतल्या खिचडीवर मोठी झाली. पण एक गोष्ट मी त्या दिवशी विचारलीच, कारण सगळं गाव तेच विचारतं. “काका, तो वकील पडणार हे तुम्हाला माहीत होतं. मग मत फुकट का घालवलंत?”

“वकील पडला, बरोबर. आणि तुमचा किती मतांनी जिंकला?”

“खूप.”

“मग आपल्या गावानं एक पण मत दिलं नसतं तर पडला असता काय?”

“नाही.”

“म्हंजे तुमची पण गेली फुकट. माझं एकच गेलं, तुमची गावभर गेली. वर मंडप पण नाय आला.”

मी हसले. ते हसले नाहीत.

“दोनच दुकानं असली बाजारात, की ती आपसात भाव ठरवतात. आज ह्याच्याकडे जा, उद्या त्याच्याकडे जा, तराजू तोच. तिसरं उघडलं, त्याच्याकडे दोनच गिऱ्हाईकं गेली, तरी पयल्या दोघांना कळतं की लोक दुसरीकडे जाऊ शकतात. ते आपला तराजू एकदा पुसून घेतात. नाय तर मला सांग, दोन मतांसाठी साहेब एवढा कशाला रुसला? एवढ्या हजारांत दोन मतं त्याला दिसली कशी? म्हंजे दिसतात.”

मला आधी वाटायचं की दोन मतं म्हणजे काही नाहीच.

देवळाचा कळस दिसायला लागला तसे काका सावकाश चालू लागले.

“नागोठण्याचा एक जण गाडी बघायला येतोय,” ते म्हणाले.

“विकणार?”

“नाय तर काय करू? बाजारच्या बाजार गाडी चालवून घर नाय चालत. धाटावला ठेकेदाराकडे रवीनं बोलून ठेवलंय. पोती उचलायची.” रवी म्हणजे त्यांचा भाचा. काका साठीला आले आहेत. गुडघ्याला पट्टा बांधतात. “युनियनचा त्रास नाय आता तिकडे. युनियनच नाय.”

“गावकीशी बोलून बघा ना एकदा.”

“बोललो. हरेश आला होता घरी. भागीनं चहा दिला. तो म्हणाला, पुंडलिक, तुझं जाऊ दे, तू पयल्यापासून तसाच. पण दुसरं मत कोणाचं त्याचं नाव सांग. सांगितलंस की दुसऱ्या दिवसापासून गाडी भर.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“ठाऊक नाय म्हणालो. तर म्हणाला, ठीक हाय, मंगळवारी देवळात ये. नारळावर हात ठेव आणि सांग, मला ठाऊक नाय. देवीसमोर सांगितलंस तर गाव मानील. तुला पण सोडू आणि तो विषय पण सोडू.”

“मग तुम्ही हात ठेवणार?”

“हा ठेवणार.”

“आधी नाही ठेवला.”

“आधी ते मताला देवीची आण घालत होते. मत माझं हाय, देवीला त्यात कशाला आणायची? हे तसं नाय. हे खरं की खोटं एवढंच हाय. खरं सांगायला मला देवीचं भय नाय. खोटं मात्र तिच्यासमोर जमायचं नाय माझ्यानं. तेवढ्यासाठी गाडी गेली तरी चालंल.”

मी हिशोब करत होते. पहिल्या वेळी नारळाला पुरुषांनीच हात लावला होता. बायकांच्या वतीने कोणीतरी शब्द दिला होता, पण मतदान केंद्रात बटणापाशी तो कोणीतरी आमच्याबरोबर आला नव्हता. दुसरं मत कोणाचं ते हरेशशेठनी सगळ्या पुरुषांना एकेक करून विचारलं. बायकांना विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. काकांच्या मनात आलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. ते पुढे बघून चालत होते. त्यांचा गुडघा दुखत होता, माझी जड पिशवी त्यांच्या हातात होती, आणि मला वाटलं की या माणसाला हे माहीत असायला पाहिजे. निदान एवढं तरी, की तो एकटा नव्हता.

“काका,” मी म्हटलं, “ते दुसरं मत...”

ते थांबले. पिशवी बांधावर टेकवली, पट्टा नीट केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं.

“संध्या, एक मागणं हाय गो तुझ्याकडे. तुला ठाऊक असंल, नसंल. तुझं असंल, तुझ्या सासूचं असंल. मला सांगू नको. मंगळवारी मला देवीपुढे खरं बोलायचं हाय. आणि मंगळवार होऊन गेला, गाडी राहिली काय, विकली काय, तरी पण सांगू नको.”