मूर्तिजापूरची फारकत

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या आधी माझं एक लग्न झालं होतं आणि ते मोडलं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कसं मोडलं ते क्रमानं सांगते. तो दिवस आठवला की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

नवऱ्याचं घर अकोल्याचं, माझं माहेर अमरावतीचं. भांडण असं आमच्यात नव्हतंच. त्याला शेतावर राहणारी बायको हवी होती, मला बी.टी.ची पदवी घेऊन शाळेत शिकवायचं होतं. मूलबाळ नव्हतं. आमच्या शेतकरी समाजात फारकतीची रीत जुनी, त्यामुळे वकिलाकडे कोणी जात नसे. दोन्हीकडची वडीलमंडळी बसत आणि कागद होई. बैठक मूर्तिजापूरला माझ्या मावशीकडे ठरली. दोन्ही गावांच्या मधलं ठिकाण, म्हणजे कोणी कोणाच्या दारात गेलं असं व्हायला नको.

काय कोणाचं, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. माहेरच्या पाटल्या आणि शिलाई मशीन माझं. आंदणातल्या गाईचा सासूबाईंना लळा, म्हणून ती तिथेच. बदल्यात माझ्या पुस्तकांचा खर्च त्याचा. कॉलेजची फी मात्र पाटल्यांतूनच निघायची होती. बाबांनी मला घरात घ्यायचं कबूल केलं होतं, शिकवायचं नाही.

मामंजींनी पाटल्या ताटात घालून आपल्या व्याह्यांपुढे, म्हणजे बाबांपुढे, सरकवल्या. "घ्या इवाई, पाहून घ्या."

बाबांनी ताट परत लोटलं. "देल्लेलं दान आमी वापस घेत नाई."

"मंग आमी काय तुमच्या सोन्यावर जगून राह्यलो का? आमीबी ठेवत नाई."

ताट इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी मावशीचे यजमान म्हणाले, "देवीले देऊन टाका." आणि दोघांनी एकदम मान डोलावली. दाराआड बायकांत बसून मी पाहत होते. माझं कॉलेज देवीच्या पेटीत चाललं होतं.

तेवढ्यात नवरा म्हणाला, "जिचं सोनं हाय, तिले तं इचारा."

मी बाहेर आले. "बाबा, तुमी नका घेऊ. तुमचं दान मोडत नाई. हे मले देल्लं होतं, माह्यंच हाय." आणि तिथेच पाटल्या हातात चढवल्या.

मामंजी हसायला लागले. "इवाई, वकील नाई केला ते बरं झालं. हे पोरगी त्याले भारी पडली असती."

कागदावर सह्या झाल्या. मशीन नवऱ्याने अकोल्याहून आणलंच होतं. संध्याकाळच्या गाडीत त्यानेच चढवून दिलं. मला हसू आवरत नव्हतं, आणि समोर बाबा खिडकीबाहेर पाहत बसलेले.

बडनेऱ्याला गाडी बदलताना ते म्हणाले, "आपल्या ओळखीच्याच सोनाराकडे जाजो. दुसरा फसवते."