मारुतीपासून मांडवापर्यंत

व्यंकटी मास्तरांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले, तेव्हा त्यांनी ते दोनच ठिकाणी सांगितलं. एक दातांच्या डॉक्टरांकडे आणि दुसरं आमच्या घरी, मला आणि माझ्या मुलाला, आदिनाथला. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे हिरड्या गेल्यात, पंधरा दिवसांत काढून टाकू. ट्रम्पेट ओठांवर दाबून वाजवायचं असतं आणि तो दाब मागून दातच झेलतात. दात गेले की मास्तरांचं वाजवणं संपलं.

मास्तर माझ्या माहेरचे, पोखर्णीचे. तीन एकर कोरडवाहू आणि अकरा माणसांचा ब्रास बँड, एवढा त्यांचा पसारा. चाळीस वर्षं त्यांनी लग्नं वाजवली, माझंही. आता लग्नघरं डीजे सांगतात. बँडला बोलावलंच तर अर्ध्या तासासाठी, फोटोत लाल कोट बरे दिसतात म्हणून. गेल्या वर्षी बँडमधले चौघे ऐन लग्नसराईत ऊसतोडीला गेले होते.

"माय, तुझ्या लेकाकडं मशीन हाय म्हनं," मास्तर आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसूनच बोलले. "आमचा एक आल्बम करून दे म्हनावं. दात हायेत तवर."

आदिनाथ पुण्यातली नोकरी सोडून परभणीला परत आलाय. वरच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यानं स्टुडिओ केलाय. तिथं रिक्षावर वाजणाऱ्या जाहिराती होतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी होतात. दोन वर्षं मी रोज त्याच्या तोंडाकडे बघते आणि का परत आलास, ते विचारत नाही. मास्तरांना त्यानं लगेच हो म्हटलं.

सिनेमाची गाणी टाकली तर हक्कवाले काढायला लावतील, हे त्यानं आधीच सांगितलं. बँडनं तर जन्मभर तीच वाजवलेली. पण वऱ्हाड वेशीवर आल्यापासून नवरदेव मांडवात शिरेपर्यंतच्या आठ चाली मास्तरांच्या स्वतःच्या होत्या. शेवटची, नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाकडे निघतो तेव्हाची. ती सगळ्यांत लांब आणि वरच्या पट्टीतली. आल्बम खरा तिच्यासाठीच, हे मास्तर लपवत नव्हते.

"मग तीच आधी करू," आदिनाथ म्हणाला. "दातांचा काय भरवसा?"

"आधी?" मास्तर हसले. "वऱ्हाड अजून वेशीत न्हाई आन् नवरदेव मांडवात? नवरीचा बाप हानील की आमाला."

"इथं कुठाय नवरीचा बाप?"

"मंग तू हो."

सगळे हसले. मी तेव्हाच मध्ये बोलायला हवं होतं.

पहिल्या दिवशी आदिनाथनं प्रत्येकाला एका जागी उभं केलं आणि कानात तालाची टिकटिक लावून दिली. तीन तासांत एक चाल धड झाली नाही. ढोल पुढे पळायचा, ट्रम्पेट मागे राहायचं. ही माणसं आयुष्यभर चालत वाजवत आलेली. पाय थांबले की ताल सुटत होता. मास्तरांच्या मागे दुसरं ट्रम्पेट वाजवणारा बन्सीधर शेवटी वैतागला, "दादा, ही टिकटिक बंद करा, न्हाईतर आमी घड्याळं दुरुस्त करायला जातो."

मी चहा घेऊन वर गेले, तर आदिनाथ डोकं धरून बसला होता. मी म्हटलं, त्यांना गच्चीवर चालू दे. माझ्या लग्नात मी आत बसले होते, बँड मला दिसलाच नव्हता. लांबून जवळ येताना नुसता ऐकू आला होता. आदिनाथनं मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्यानं माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

माइक मधोमध, पाण्याच्या टाकीजवळ. बँड भोवतीनं फिरणार. आमच्या गच्चीला एका बाजूनं कठडा नाही. त्याच दुपारपासून चार दिवस मी तिथं उन्हात उभी राहिले, वाजवत येणाऱ्या प्रत्येकाला हातानं आत सारत. दिवसाला दोनच चाली व्हायच्या. त्यापुढे मास्तरांना सोसवत नसे. फडक्यात बांधलेला बर्फ ओठांवर धरून ते टाकीला टेकून बसायचे. चौथ्या दिवशी सातवी झाली आणि त्यांनी हातानंच पुरे म्हटलं.

संध्याकाळी आदिनाथनं त्यांना पहिली चाल ऐकवली. वाजणं लांब जात होतं, परत जवळ येत होतं.

"आमी आसं येतो व्हय?" मास्तरांनी मला विचारलं. "आमाला काय म्हाईत? आमी कायम मधीच."

पाचव्या दिवशी ते सुजलेला गाल घेऊन आले. हिरडीत पू झाला होता आणि डॉक्टरांनी सकाळीच दोन्ही दात काढले होते. तोंडात कापूस, हातात मात्र ट्रम्पेटची पेटी.

"मी म्हणलं होतं, ती आधी करू," आदिनाथ पुटपुटला. मी त्याच्याकडे रागानं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली, त्याचं बरोबर होतं म्हणून. मग पेटी बन्सीधरपुढे ठेवली.

"मला वरचं न्हाई जमायचं, मास्तर."

"जमतं. तू फकस्त पळतूस."

ते खरं होतं. डीजेच्या जोडीला वाजवून, नाचणारे थांबू नयेत म्हणून, बन्सीधरला वेगाची सवय लागली होती. पहिल्या फेरीत नवरदेव पळतच मांडवात गेला असता. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ढोलवाल्याच्या पिशवीतून त्यांनी खुळखुळा काढला. बँडमध्ये ज्याला काहीच येत नाही, त्याच्या हातात तो देतात. खुळखुळा हलवत मास्तर सगळ्यांच्या पुढे चालू लागले, इतके सावकाश की मागच्यांना दुसरा इलाज राहिला नाही. बन्सीधर वरच्या सुरांवर दोनदा घसरला. मास्तरांनी मागे पाहिलं नाही.

"उद्या परत घ्यायची?" आदिनाथनं विचारलं.

"बन्सीचा मुकादम उद्या गाडी आनायलाय. उसाला जातोय तो," मास्तर म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

आदिनाथनं नावं लिहायला वही काढली. "आठवीवर तुमचंच टाकतो. चाल तुमची आहे."

"चाल माजी लिही. वाजवनारा बन्सी."

"आणि तुम्ही?"

"खुळखुळा." कापसामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं. "तितं नुसतं व्यंकटी लिही. मास्तर नको."

आदिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली आले आणि मास्तरांसाठी तांदूळ जास्त पाणी घालून शिजत टाकले.