चिंच न घातलेलं अळू

"चिंच कमी घाल." घरात पाऊल टाकताच बाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. मग अळूची ओली जुडी माझ्या बायकोच्या हातात.

दर मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या अरुंद गल्लीत एक अवाढव्य पांढरी गाडी शिरायची. मागून हॉर्न वाजायचे, आणि गाडीतून या बाई सावकाश उतरायच्या. नऊवारी, गळ्यात दिसेल इतकं सोनं, पायात रबरी चपला. कल्याणच्या पुढे मोहन्याच्या बाजूला त्यांच्या सासरचं गाव. घरच्या जमिनी, चाळी, भाच्याचे दोन जेसीबी. जुडीसाठी एवढ्या लांब यायची त्यांना काही गरज नव्हती. त्या मला खिजवायला यायच्या.

"काय विंजेनेर, मागल्या वर्साचा अलू खाजला का?"

बायको पाणी आणायची. त्या पेल्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "तुज्या घरचा पानी नको. माजा तू बंद केलास."

हे खरं होतं. गावाच्या वरच्या अंगाला मातीचा जुना बांध आहे. त्यांच्या सासऱ्यांनी तळ्यासाठी जमीन दिली ती खालच्या भाजीमळ्यांना पाणी मिळेल या शब्दावर. पुढे शहर तिथवर पोचलं, तळ्याचा तलाव झाला, नौकाविहार आला. बोटींना पाणी भरलेलं हवं, म्हणून मळ्यांकडे जाणाऱ्या पाटाचं दार कायमचं बुजवायचं ठरलं. मी त्या कामावरचा अभियंता. दारात सिमेंट ओतलं जाताना त्या बांधावर उभ्या होत्या. "सासऱ्यानं जमीन भाजीला दिली, बोटींना नाय," एवढंच म्हणाल्या. मळे सुकले. त्यांनी तिथे चाळी बांधल्या आणि माझ्यावर दात धरला.

तुमच्यापैकी जे सकाळी त्या तलावावर फिरायला जातात, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. भर उन्हाळ्यात, आसपासचं गवत पिवळं पडलेलं असताना, बांधाच्या कोरड्या बाजूला, अगदी पायथ्याशी, अळूचा हिरवागार पट्टा दिसतो. तिथे नळ नाही, विहीर नाही. ते पाणी बांधातून झिरपतं. बाईंनी तिथेच अळू लावलं आणि दरवर्षी मला आणून दिलं. मी अडवलेलं पाणी बांधातून वाट काढून त्यांच्याकडे येत होतं, हे मला दरवर्षी गिळायला लावायचं, असा त्यांचा बेत.

बायको त्यात मूठभर चिंच घालायची. बाई कमी म्हणाल्या ना, असं मी म्हटलं की ती म्हणायची, "त्यांचं काय जातंय? घसा आपला आहे."

थोडं पाणी प्रत्येक मातीच्या बांधातून झिरपतं. ते नितळ आहे तोवर घाबरायचं कारण नसतं. गढूळ झालं, तर बांध आतून पोखरला जातोय. हे मीच त्यांना एकदा सांगून बसलो होतो, जरा विद्वत्ता दाखवत.

तलावाचा कंत्राटदार पांढरे बूट घालायचा आणि "पाणी दिसलं की माणूस येतो, साहेब" असं दिवसातून चार वेळा म्हणायचा. माणसं यावीत म्हणून त्याने सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या जागेवर, कमरेएवढी भिंत घातली. वर भेळेच्या गाड्या लावल्या. पूर आला तर पाण्याने जायचं कुठून, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उलट नकाशावर सही केली. मला निवृत्तीपर्यंतचे दिवस शांततेत काढायचे होते.

त्यानंतरच्या आषाढात पावसाने दम घेतला नाही. एका सकाळी बाईंचा फोन आला. आवाजात खिजवणं नव्हतं.

"विंजेनेर, अलवात लाल पानी आयलाय."

लाल म्हणजे बांधाची माती पाण्याबरोबर येत होती. खाली त्यांच्या चाळी, त्यात माणसं, पावसाने शाळेला सुट्टी म्हणून घरीच असलेली पोरं. मी म्हणालो, सांडव्यावरची भिंत पाडायला हवी. बांधाला हात लावू नका, फक्त भिंत. मी कळवतो वर.

मी वर कळवलं नाही. भिंतीच्या नकाशावर माझी सही होती.

तासाभरात भाच्याचा जेसीबी सांडव्यावर चढला. बाई छत्री न घेता बाजूला उभ्या राहून हाताने दाखवत होत्या, असं सगळ्यांनी नंतर सांगितलं. भेळेच्या गाड्या, भिंत, 'आय लव्ह'चं लाल बदामवालं अक्षरचित्र, सगळं भुईसपाट. पाणी नाल्याने निघून गेलं. तलाव कमरेएवढा उतरला आणि संध्याकाळपर्यंत अळवातलं पाणी पुन्हा नितळ झालं. पण ते बघायला कोण गेलं? लोकांनी पाहिल्या त्या चिखलात तिरक्या पडलेल्या बोटी. भाद्रपदात गणपती आले तेव्हा घाटाच्या पायऱ्या आणि पाणी यांच्यामध्ये चिखल होता. मूर्ती दुसरीकडे न्याव्या लागल्या. बाईंना 'बाप्पाचं पाणी पळवणारी' असं नाव पडलं. ज्यांची घरं वाचली, त्या भाडेकरणीही हळदीकुंकवाला यायच्या थांबल्या.

चौकशी झाली. मला विचारलं, बांधाला धोका होता का? मी म्हणालो, नव्हता. बाईंनी फोन केला होता का? मी म्हणालो, नाही.

त्या समोरच बसल्या होत्या, अंगावर होतं नव्हतं ते सगळं सोनं घालून. चौकशीच्या साहेबांनी त्यांना विचारलं, मग भिंत का पाडलीत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांच्या ओठावर होतं, हे मला दिसलं.

"सूड म्हनून," त्या म्हणाल्या. "मंग?"

पुढच्या मेमध्ये गाडी पुन्हा गल्लीत शिरली. बायको आत गेल्यावर मी हळूच विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"तुजा नाव घेतला असता तं अर्धा सूड तुजा झाला असता. यो आख्खा माजा हाय." आणि उठताना, "चिंच घालूच नको आथा. खाजल्याबिगर तू बोलाचा नाय."

भिंत पाडल्याचा त्यांच्यावरचा खटला चालू असतानाच त्या गेल्या. गावात श्रद्धांजलीचे फलक लागले नाहीत. नंतर वर्षभरात माझी बायकोही गेली.

सांडव्यावर भिंत पुन्हा उभी राहिली. आता तिला निळ्या फरशा आहेत आणि उड्या मारणारे डॉल्फिन. गेल्या महिन्यात त्या पांढऱ्या बुटांच्या कंत्राटदाराचा तलावाच्या काठी सत्कार ठरला. त्याने मला घरी येऊन बोलावणं केलं. "साहेब, जुने जाणकार तुम्ही. बांध भक्कम आहे, एवढं दोन शब्दांत बोला."

त्याच आठवड्यात पांढरी गाडी आली. बाईंची सून उतरली. जुडी हातात देऊन म्हणाली, "आयेनं सांगून ठेवलंय, दर वर्सी देवाचा." पानं माझ्या छातीएवढी रुंद होती. एवढं अळू त्या पट्ट्यात कधीच आलं नव्हतं. देठाच्या बुंध्याला लाल गाळ चिकटला होता.

मी ते रांधलं. चिंच घातली नाही. घशात काटे रुतल्यासारखं झालं. उरलेली पानं पिशवीत घालून मी सत्काराला गेलो.

माझी पाळी आली तेव्हा जुडी टेबलावर, शाल-श्रीफळाच्या शेजारी ठेवली. कंत्राटदार हसला. "काय साहेब, आज अळूवड्या का?"

"फदफदं," मी म्हणालो. "चिंचेशिवाय."

मग मी फोनपासून सुरुवात केली. लाल पाणी, भिंत, माझी सही, माझं खोटं. हे अळू कुठे उगवलंय आणि भर मेमध्ये त्याला पाणी कोण पाजतंय, ते सांगितलं. मधेच माईक बंद झाला. घसा असा खाजत होता की थांबणं मला जमलंच नसतं. मागच्या खुर्च्यांवर चाळीतल्या बायका होत्या. त्यातली एक उठून टेबलापाशी आली, देठावरचा गाळ तिने बोटाने पुसून पाहिला आणि बोट कंत्राटदाराच्या पांढऱ्या बुटाला पुसलं. कुणी तिला अडवलं नाही. इतक्या वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी त्याच बायका घमेली आणि पहारी घेऊन उभ्या होत्या. अर्ज नंतर करू, म्हणत होत्या. डॉल्फिनची एक शेपटी तुटून खाली पडली होती.

मी बांध उतरून अळवात गेलो. बाई बसायच्या तो दगड रिकामा होता, भोवती पानं गुडघ्याच्या वर. सून तिथे पानं खुडत होती. आये असती तर काय म्हणाली असती, मी विचारलं.

तिने मान वर केली नाही. "रागावली असती. बोलली असती, अर्धा सूड विंजेनेरनं घेतला."