सैतानाची बाजू घेणारे काका

सैतानाची बाजू घेऊन भांडणारा ख्रिस्ती माणूस अख्ख्या बीदर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका मैलूरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही लिंगवंत. सैतानाशी आमच्या घराण्याची तशी ओळखदेख नाही. पण शेजारच्या काकांच्या तोंडून त्याचं नाव इतकं ऐकलंय, की आता तो मला लांबचा पाहुणाच वाटतो. गल्लीत कुणी नुसतं म्हणालं, "काय सांगू काका, सैतानानं बुद्धी फिरवली," की संपलं. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून काका उभे. "त्याला कामून मधी आणायलास? त्यानं नुसतं इचारलं. हात तुझा, तोंड तुझं." भाजी सुकते, पण काका समोरच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय पिशवी उचलत नाहीत.

काका जन्मभर सरकारी बसवर कंडक्टर होते, तेही औरादच्या रस्त्याला. माणसाच्या पापाचं मूळ कशात, यावर मोठमोठ्या लोकांनी डोकी शिणवली असतील. काकांना ते चिंताकीच्या फाट्यावर सापडलं. त्यांचं म्हणणं असं, की बिनतिकिटाचा माणूस "मी काढलं न्हाई" असं कधीही म्हणत नाही. तो म्हणतो, तिकीट बायकोकडं हाय. बायको पुढच्या बाकावर बसलेली असते, ती म्हणते सासूकडं. सासू गाडीतच नसते. मराठीत विचारा, कन्नडात विचारा, "मेरेकू क्या मालूम" म्हणणाऱ्याला दखनीत विचारा, बोट दुसऱ्याकडेच. "आदामानं तरी काय केलं?" काका विचारायचे. "देवानं इचारलं, नको म्हणलेलं फळ खाल्लास का? व्हय म्हणला असता तर बोलणं तिथंच मिटलं असतं. तर म्हणतो, तू दिलेल्या बाईनं मला दिलं. एका दमात बायकोला बी अडकवला अन् देवाला बी. बाई म्हणली, साप, म्हंजे तुमचा सैतान. सापाला बिचाऱ्याला दाखवायला बोटच न्हाई." चर्चमध्ये रविवारी ते पोरांचा वर्ग घेत, तेव्हा आदामाचं ते वाक्य सगळ्या पोरांनी एकसुरात म्हणायचं असा नेम होता. "तिनंच मला दिलं!" चर्चसमोरच्या आमच्या किराणा दुकानात ऐकू यायचं.

एवढं सगळं सांगणाऱ्या या माणसाची रक्तातली साखर वाढली, की दोष मात्र अक्कांचा. अक्का म्हणजे काकू. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. डॉक्टर रागावले की काका खुशाल सांगत, "हिच्या हातालाच गोडी हाय, मी काय करू?" अक्का ऐकून घेत. चाळीसेक वर्षं ऐकतच होत्या म्हणा ना.

त्यांच्या अंगणात अक्कांनी लावलेली सीताफळी गेल्या वर्षी पहिल्यांदा धरली, आणि तेही एकच फळ. त्यांच्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. शेतातलं, अंगणातलं पहिलं पीक देवापुढं आणायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा. अक्कांनी बायकांमध्ये बोलून ठेवलं होतं, झाडाचं पहिलं फळ देवाचं. त्या बाईनं आयुष्यात चारचौघांत दिलेला बहुधा हा एकच शब्द. त्यांनी ते फळ ज्वारीत घालून पिकवलं आणि सणाच्या सकाळी ताटलीत ठेवून काकांच्या हातात दिलं. "पिकलंय का बघा जरा," म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

मी भिंतीवरून बघत होतो. काकांनी दाबून बघितलं. जरासं उललं. उललेलं बोटानं पुसलं, बोट तोंडात गेलं. मी "काका" म्हणेपर्यंत ताटलीत नुसत्या बिया.

"अप्पा," ते म्हणाले, "तुला इथं सैतान कुठं दिसायलाय का?"

"न्हाई."

"मला बी न्हाई," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. मला हसू येत होतं, पण मी नाही हसलो.

लिलावाला मी दरवर्षी जातो, कोंबडे तिथं चांगले मिळतात. त्या दिवशी अक्का रिकामं ताट रुमालानं झाकून मागं बसल्या होत्या. घरात काही बोलल्या नव्हत्या. पाळकांनी हाक दिली, "अक्कांचं सीताफळ?" बायकांच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालंच, "घरीच खाल्लं वाटतं. बोलायचं एक अन् करायचं एक." अक्कांची मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं.

काका उठले. "तिनंच मला दिलं," ते म्हणाले, आणि अडकले. सगळी पोरं त्यांच्याकडं बघायला लागली होती. खोटं काहीच नव्हतं त्यात. आदामाचंही खोटं नव्हतंच. काकांनी गळ्याशी आलेलं पुढचं वाक्य गिळलं, ते दिसलं मला.

"न्हाई. ती पिकलंय का बघा म्हणली, खा म्हणली न्हाई. तिनं देवाचं म्हणून जपलं आणि मीच खाल्लो. एकट्यानं. कुणी भुलवलं न्हाई मला. फळ गोड होतं."

 मग पाळकांनी पुढचा भोपळा लिलावाला घेतला.

परत येताना मी दोघांच्या मागं होतो. चालता चालता काका म्हणाले, "बागेतनं हाकलायच्या आधी देवानं आदामाला अन् त्याच्या बाईला कपडे करून घातले. उघडं न्हाई पाठवलं. अन् बाहेर पडले ते दोघं मिळूनच. हे कधी शिकवलोच न्हाई मी पोरांना."

"आता शिकवा की," अक्का म्हणाल्या.

शिकवलं त्यांनी, काही महिने. मग साखरेनं डोळे अधू केले आणि वर्ग सुटला. रविवारी सकाळी दुकानात आता चुकल्यासारखं होतं. अक्का त्यांना हाताला धरून चर्चला नेतात. वाटेत दगडाला ठेच लागली की काका म्हणतात, "माझंच ध्यान नव्हतं."

"माझं बी नव्हतं," अक्का म्हणतात, आणि दोघं पुढं जातात.