तिचं बोलणं कन्नडात नेताना

आमच्या गल्लीत सगळी आपलीच माणसं, शिंप्यांची. कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या, तरी घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण पुड्यांचे कागद वाचून वाचून मी कन्नड अशी उचलली की रेशनच्या ऑफिसात जायचं असो की दवाखान्यात, बायका माझ्याच दारात. ‘अक्का, स्वल्प चला ना बरोबर.’ मला त्याचा मोठा डौल होता. आता या वयात कशाला लपवू?

साठ सालाच्या आगेमागे शेजारच्या म्हातारीची सून विधवा झाली. कराडकडची पोर, बावीस-तेवीसची. नवऱ्यामागे सासूला घेऊन राहिली आणि दुकानाची काजं करायला लागली. शाळेचे खाकी सदरे गठ्ठ्यानं घरी आणायचे, काजं करून परत द्यायचे. दुकान मालकांचं. मालक म्हणजे आमच्या समाजाचे पुढारी, लग्न जमवायचं तर ते, भांडण मिटवायचं तर ते. आमच्या ह्यांचं मशीनही त्यांच्याच दुकानात.

आणि एक सांगते. दुकानाच्या मागच्या खोलीत दुपारी एकटीनं माल द्यायला जायचं नाही, हे गल्लीतल्या आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं. ती नवी. तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

एका दुपारी ती गठ्ठा घेऊन गेली, आणि त्यानंतर तिचं सगळंच बिघडलं. नळावर हात धुवायला बसली की उठायचीच नाही. मागे घागरींची रांग. ‘काय गं, नळ तुझ्या एकटीच्या माहेरचा का?’ अशा बायका ओरडायच्या, मीही हसायचे. काजं करायची, पण मधली चीर पाडायचीच नाही. चांगला टाका, आणि बटण जायला वाट नाही. दाराची कडी वाजली की कोपऱ्यात. म्हातारीनं अंगारे केले, लिंबं उतरवली. शेवटी कुणीतरी मनाच्या दुखण्याच्या दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हा म्हातारी माझ्या पाया पडायला आली. सुनेला कन्नड येत नव्हती ना.

डॉक्टर बाई होत्या. तरुण, हातात घड्याळ, कपाळाला छोटं कुंकू. म्हातारीला त्यांनी बाहेर बसवलं. मग मला म्हणाल्या, ‘ती बोलेल तसंच सांगायचं, अम्मा. कमी नाही, जास्त नाही. इथे बोलणं हेच औषध आहे.’ मला तेव्हा हसू आलं. बोलणं औषध असतं तर आमची गल्ली कधी आजारीच पडली नसती!

पण ती बोलली. भुईकडे बघत, एकाच दमात. दुपार, मागची खोली, मालकांनी लावलेली कडी, तोंडावर दाबलेलं खाकी कापड. सगळं. आणि शेवटी म्हणाली, ‘अक्का, एवढं सांगा त्यांना. मला वेड लागलेलं नाही.’

आमच्यात एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण प्रत्येकीला ठाऊक. समाजातली गोष्ट कन्नडात न्यायची नाही. भांडा, मारा, पण मराठीत. बाहेरच्यांपुढे आपलं माणूस उघडं पाडायचं नाही. त्यातून आमच्या ह्यांचं मशीन डोळ्यापुढे आलं. मी कन्नडात म्हटलं, ‘नवरा गेल्याचं दुःख आहे, अम्मा. झोप लागत नाही.’

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. ‘एवढं बोलली ती, आणि तुम्ही एवढंच सांगता?’

‘तेच तेच फिरवून बोलते हो.’

‘सरी,’ बरं, असं म्हणाल्या, कागदावर लिहिलं आणि गोळ्या दिल्या.

नळावर ऐकून ऐकून दोन-चार शब्द तिलाही कळत होते. नवऱ्याला कन्नडात काय म्हणतात ते कळत होतं. तिनं मान वर केली. ‘अक्का, मी त्यांच्याबद्दल कुठं बोलले?’ मी म्हटलं, ‘गप गं, घरी जाऊन बोलू.’ घरी जाऊन कसलं बोलणार?

दर बुधवारी यायला सांगितलं होतं. पुढच्या बुधवारी म्हातारी हाक मारायला आली, तर सून आतूनच म्हणाली, ‘नको. तिथे तरी अक्काच बोलणार ना.’ गोळ्या संपल्या, तशीच राहिली. दुकानाचं काम सोडलं, उदबत्त्या वळायला लागली. आणि कन्नड शिकली. कुणाकडून, तर उदबत्तीच्या कारखान्यातल्या बायकांकडून. मला एक शब्द विचारला नाही. सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आम्ही.

मग एका बुधवारी माझ्या दारात उभी राहिली. कन्नडात बोलली माझ्याशी, मराठीत नाही. त्या बुधवारी ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली होती. आधीच्या बाई बदलून गेलेल्या, नवे डॉक्टर आलेले. तिनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. त्यांनी जुना कागद काढला, वाचला आणि म्हणाले, ‘यात तर नवऱ्याचं दुःख लिहिलंय. तेव्हा तर असं काही म्हणाली नव्हतीस.’

‘माझ्या कागदावर तुमचं बोलणं आहे,’ ती म्हणाली. ‘पुढच्या बुधवारी येऊन पुसा.’

मी गेले. पण खरं सांगायचं तर आमच्या ह्यांनी तोवर स्वतःचं दुकान टाकलं होतं, म्हणून गेले. मशीन अजून मालकांकडे असतं तर गेले असते का? मला नाही वाटत.

‘मी खोटं सांगितलं होतं,’ असं डॉक्टरांना म्हटलं. त्यांना राग येईल, चार शब्द सुनावतील, असं वाटलं होतं. बरंच झालं असतं. त्यांनी नुसती एक रेघ मारली, खाली काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, ‘आता तुम्ही बाहेर बसा.’

बाकावर म्हातारी नव्हती, ती मागच्याच वर्षी गेली. मी एकटी. दार बंद, आतून सुनेचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ ती बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. माझ्याकडे न बघता बसस्टॉपकडे निघाली. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी उभीच राहिले.