समुद्रात बोट कुणी घातलं?

अत्तार सर वर्गात शिरले की आधी टेबल रिकामं करत आणि त्यावर दोन ओली गोणपाटं समोरासमोर पसरत. बहात्तरच्या दुष्काळाचं साल, प्यायला पाणी मिळेना, आणि हे गृहस्थ हातपाय धुतलेलं पाणी राखून त्यात गोणपाटं भिजवायचे! शेवगावच्या आमच्या शाळेत भूगोलाचा असा राडा आधी कुणी केला नव्हता. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायची, पण कान तिकडेच असायचे.

"ह्यो समुद्राचा जुना तळ. थंड पडला, जड झाला, की दुसऱ्याखाली सरकत जातो. तितंच भुई हालती, ज्वालामुखी उठत्यात," सर सांगत. ते पुणतांब्याचे; बोलणं अस्सल गावाकडचं. मग एका गोणपाटाची कड बोटाने खाली दाबत. "हितं मी बोट घातलं म्हनून कड वाकली. समुद्रात कुनी घातलं?" पोरं हसायची. सर हसत नसत.

पुस्तकात हे काहीच नव्हतं. त्यात पृथ्वी आकसली आणि सुरकुत्या पडून डोंगर झाले, एवढंच. सर नवी मासिकं मागवून वाचायचे. नोकरी मात्र अजून कायम झाली नव्हती. घरी अंथरुणावर पडलेले वडील, लग्नाच्या दोन बहिणी. सगळं त्या वर्षीच्या तपासणीवर होतं.

तपासणीची आमची रीत ठरलेली होती. प्रश्न आला की हात सगळ्या पोरांनी वर करायचे. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा; मास्तर उजव्यातूनच कुणाला तरी उठवायचे. साहेब खूश, शाळा खूश.

तपासणीला आलेल्या साहेबांनी सरांच्या वर्गात विचारलं, "हिमालय कसा झाला?" उजवा हात वर केलेली कौसल्या उठली आणि समुद्राचा तळ खाली जाऊन दोन खंड भिडल्याचं घडाघडा सांगू लागली. हेडमास्तरांबरोबर मी मागे उभी होते. साहेबांनी पुस्तक मिटलं.

"एवढा ताठ दगड आपोआप वाकला? सुरुवात कशी झाली?" ते सरांकडे वळले. "तुम्ही सांगा."

हेडमास्तर डोळ्यांनी विनवत होते, काहीतरी ठोकून द्या. सरांनी सावकाश डावा हात वर केला.

पोरांना कळलं. हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हात कशाला वर करताय?"

"सायेब, मला म्हाईत न्हाई. अजून कुनालाच नीट म्हाईत न्हाई."

"विषयाचं ज्ञान अपुरं" असा शेरा पडला आणि उन्हाळ्यात सरांची नोकरी गेली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एस.टी. स्टँडवर निरोप देताना मी बोललेच, "एक वाक्य खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? घरच्यांचा तरी विचार करायचा!"

त्यांचे डोळे भरून आले होते. ट्रंक टपावर चढवून ते माझ्याकडे वळले.

"बाई, घरच्यांचाच इचार चालू हुता तवा. पन मी खोटं सांगितलं असतं तर पोरांनी ते पाठ केलं असतं. मंग कौसल्येनं शोधायचं काय?"